चौथ्या पुरुषाचें नांव

आपल्या घरांतून श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पुरुषांचा नामोच्चार होतो. त्यांच्याबरोबर माता, पितामही व प्रपितामही यांचीं नांवें येतात आणि मातामहाकडील तीन पिढ्यांचेंही स्मरण होतें. शास्त्रकारांच्या या व्यवस्थेमुळें ज्या घरीं कागदाचा एक कपटाही उरला नाहीं, तेथेंही तीन पिढ्यांचीं नांवें जिभेवर राहिलीं. परंतु नवी पिढी खालीं जोडली गेली कीं वरची एक गळून पडते. चौथ्या पुरुषाचें नांव विचारलें तर भलीं भलीं विद्वान घराणीं निरुत्तर होतात.

पूर्वीं या गोष्टीचें फारसें अडत नसे. गांव तेंच, वाडा तोच, भाऊबंद शेजारीं; एकास आठवलें नाहीं तर दुसऱ्यास आठवे. आज एकाच कुटुंबाची एक शाखा परभणीस, दुसरी पुण्यास आणि तिसरी अमेरिकेंत अशी स्थिति घरोघर आहे. तेथें वाढणारीं नातवंडें विचारतात, "आजोबा, आपण मूळचे कोण? कोठून आलों?" हा प्रश्न कौतुकाचा म्हणून हंसून सोडून देण्याजोगा नाहीं. त्याचें उत्तर देऊं शकणारीं माणसें वर्षागणिक कमी होत आहेत. शिरड शहापूरसारख्या गांवांतून आम्हां म्हाताऱ्यांच्या पाठोपाठ ट्रंकांतील कागदही रद्दींत जात आहेत.

परदेशीं बसून हा शोध होऊं शकतो काय? होऊं शकतो, आणि आपणांस वाटतें त्याहून अधिक. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची कचेरी दिल्लीस १९६२ पासून चालते. आपल्या देशी भाषांतील पुस्तकें व नियतकालिकें ती विकत घेऊन तेथील विद्यापीठांस पुरवीत आली आहे. शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज या संस्थेंत आपल्याकडील अनेक वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म आहेत. ज्या टाइम्स ऑफ इंडियाचा जन्म १८३८ सालीं बाँबे टाइम्स या नांवानें झाला, त्याचे जुने अंक तेथील कित्येक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत संगणकावर शब्द घालून शोधतां येतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसचें सारें दप्तर आहे. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारानेंही २०१५ पासून 'अभिलेख पटल' या नांवानें आपले कागद जगाच्या पाठीवर कोठूनही पाहतां येतील अशी सोय केली आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी–इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या कृपेनें फुकट पाहतां येतो. जुन्या कागदांतील अडलेला शब्द तेथें हमखास सुटतो.

एवढें साहित्य असूनही पुष्कळ मुलें निराश होतात. त्याचें कारण समजून घेतलें पाहिजे. आमच्या भागांतील हिंगोलीस पूर्वीं हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. तेथें एखाद्या इंग्रज अधिकाऱ्यास मूल झालें कीं त्याचा बाप्तिस्मा चर्चच्या वहींत लिहिला जाई व त्या नोंदींची नक्कल लंडनास रवाना होई. अशा लोकांच्या वंशजांनीं १९९८ सालीं आपली एक संस्थाच काढली व त्या नोंदींच्या याद्या तयार केल्या. त्याच छावणीपासून कांहीं कोसांवर राहणाऱ्या आपल्या पणजोबांची कोणी अशी नोंद केली नाहीं. खानेसुमारीचे आंकडे छापले गेले, माणसांचीं नांवें छापलीं गेलीं नाहींत. म्हणून इंग्रजांच्या पुस्तकांतील शोधाची रीत जशीच्या तशी उचलून आपलें काम होत नाहीं.

आपलीं नांवें निराळ्या ठिकाणीं सांपडतात. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याच्या वार्षिक कॅलेंडरांत पदवीधरांच्या याद्या आहेत. सरकारी गॅझेटांत नेमणुका व बदल्या आहेत. निजाम सरकारचें असेंच उर्दू राजपत्र असे, त्यास 'जरीदा' म्हणत. शाळा, वाचनालयें व अनाथाश्रम यांच्या अहवालांत देणगीदारांची नांवें एक रुपयापासून दिलेलीं असतात. वर्तमानपत्रांत निधनवार्ता, परीक्षांचे निकाल, सभांचे वृत्तांत आणि जमीनजुमल्याच्या जाहीर नोटिसा येतात. 'दर्पण' १८३२ सालीं निघालें. पुण्याचें 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून १९५१ पर्यंत चाललें. 'केसरी' १८८१ पासून आहे. निजामच्या राज्यांत मराठी पत्रांस फार जाच असे, तरी आ. कृ. वाघमारे यांनीं 'मराठवाडा' साप्ताहिक काढलेंच. तेव्हां मराठवाड्यांतील माणसाची बातमी मराठवाड्यांतच शोधीत बसूं नये. ती पुण्याच्या किंवा मुंबईच्या पत्रांत असण्याचा संभव अधिक.

आतां हीं दारें उघडणाऱ्या किल्ल्या कोणत्या, तें पाहूं. त्या परदेशांत मिळत नाहींत, घरींच असतात.

पहिली किल्ली गांवाची. 'शहापूर' एवढ्यानें शोध घेतला तर ठाणें जिल्ह्यांतील शहापूर, बेळगांवचें शहापूर आणि जुन्या गुलबर्गा जिल्ह्यांतील शहापूर हीं सारीं पुढें उभीं राहतात. 'शिरड' म्हटलें तर यंत्र शिर्डी समजतें. शिवाय हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. त्यापूर्वींचे आमच्या गांवाचे कागद परभणी जिल्ह्याच्या नांवें आहेत आणि १९४८ पूर्वींचे हैदराबाद संस्थानच्या. पुण्याकडील पत्रें तर या साऱ्या मुलखास नुसतें 'मोगलाई' म्हणत. हा एक शब्द ठाऊक नसल्यामुळें कित्येकांचे पूर्वज छापील पानावर असूनही सांपडत नाहींत.

दुसरी किल्ली नांवाची. गांवांत जो कुलकर्णी, जोशी किंवा देशपांडे, तोच गांव सोडून गेला कीं शिरडकर, औंढेकर वा वसमतकर होई. कित्येकदां आडनांव लिहीतच नसत. स्वतःचें नांव व बापाचें नांव एवढ्यावर भागे. म्हणून आडनांवावर विसंबूं नये. बापलेकांच्या नांवांची जोडी धरून शोधावें. इंग्रजी स्पेलिंगें तर दहा प्रकारचीं. तीं सारीं घालून पाहावींत.

तिसरी किल्ली कालगणनेची. आमच्याकडील कागदांत शक, हिजरी, फसली व शुहूर असे चार प्रकारचे सन भेटतात. शकांत डिसेंबरपर्यंत ७८ व पुढें ७९ मिळवावे. हैदराबादचें सरकारी फसली वर्ष ऑक्टोबराच्या आरंभीं सुरू होई. त्यांत डिसेंबरपर्यंत ५९० व पुढें ५९१ मिळवावे. शुहूर सन मृगापासून सुरू होतो; त्यांत डिसेंबरपर्यंत ५९९ व पुढें ६०० मिळवावे. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळें त्याचें कोष्टकच पाहावें लागतें.

या तिन्ही किल्ल्या एकत्र आल्या म्हणजे काय घडतें, याचें एक उदाहरण सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी बरींच वर्षें अमेरिकेंत आहे. पणजोबांचा धाकटा भाऊ तरुणपणीं घर सोडून गेला व निपुत्रिक वारला, असें त्याच्या घरीं सर्व सांगत. पेटींत वांटणीचा एक कागद होता. त्यावर 'सन १३०९' एवढेंच लिहिलेलें. मुलानें तें हिजरी समजून १८९१–९२ या सालांच्या आसपासचीं पत्रें पालथीं घातलीं. हातीं कांहीं लागलें नाहीं. मग त्यानें आजीस विचारलें. त्या माउलीचें वय तेव्हां नव्वदीपलीकडे. ती म्हणाली, "माझ्या सासूबाई सांगायच्या, मोठा काळ पडला होता, दावणीची गुरें मेलीं, त्या सालची ती वांटणी." मोठा काळ म्हणजे १८९९–१९०० चा दुष्काळ, आणि फसली १३०९ म्हणजे नेमकें ऑक्टोबर १८९९ ते ऑक्टोबर १९०० हें वर्ष. ग्रंथालयास जें सांगतां आलें नसतें, तें आजीच्या एका वाक्यानें सांगितलें.

साल कळल्यावर दिशा मिळाली. मराठी पत्रांचा जुना ठसा यंत्रास नीट वाचतां येत नाहीं. म्हणून पुण्यास असलेल्या त्याच्या पुतण्यानें एका वाचनालयांत सुट्टीच्या दिवशीं बसून जुन्या फायली पानोपान चाळल्या. कित्येक आठवड्यांनीं दोन ओळींची एक निधनवार्ता सांपडली: मूळचे मोगलाईंतील शिरडचे, अमुक शाळेंत शिक्षक, मागें दोन मुलगे. आडनांव निराळें होतें, पण स्वतःचें व वडिलांचें नांव जुळत होतें. एवढ्यावर त्यानें विश्वास ठेवला नाहीं, हें मला विशेष आवडलें. त्या घराण्याचा शोध काढून त्यांच्याकडील श्राद्धाच्या नांवांची टिपणी मागविली, गोत्र व कुलदैवत विचारलें; तेव्हां कोठें खात्री झाली. निपुत्रिक म्हणून ज्यांचें नांव घरच्या वंशावळींत तेथेंच थांबविलें होतें, त्यांचें नांदतें घर निघालें. शंभरांहून अधिक वर्षें एका घरचें सोयरसुतक दुसऱ्यास ठाऊक नव्हतें. आतां दोन्हीं घरांतून पत्रें जातात.

मात्र सर्वच शोध असे गोड निघत नाहींत. जुन्या नोटिसांत भावाभावांचे वतनाचे दावे निघतात, दत्तकाचे तंटे निघतात, कर्जापायीं गेलेला वाडा निघतो. एखाद्या पराक्रमी मूळ पुरुषाची कथा तर कागदापुढें मुळींच टिकत नाहीं. अशा वेळीं वडील मंडळींनीं मुलांस "तें लिहूं नको" असें म्हणूं नये. खोट्या गौरवानें घराणें मोठें होत नाहीं. हयात माणसांच्या खाजगी गोष्टी मात्र घराबाहेर जाऊं देऊं नयेत. विवेक तो एवढाच.

दुसरी उणीव स्त्रियांच्या नांवांची. लग्नांत मुलीचें नांव बदले व माहेरचें नांव कायमचें लुप्त होई; वर्तमानपत्रें तर 'अमक्यांची पत्नी' एवढ्यावर काम भागवीत. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांना १८८६ सालीं पदवी मिळाली; त्यांचीं पत्रें व छायाचित्र फिलाडेल्फियांत आजही जतन केलेलें आहे आणि त्यांच्या नांवाचा दगड न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सीच्या स्मशानभूमींत उभा आहे. त्यांच्याच पिढींतील आपल्या पणज्यांचें माहेर कोणतें, हें मात्र आपणांस सांगतां येत नाहीं. मुलींच्या शाळांचे अहवाल व बक्षिसांच्या याद्या यांतून थोडें सांपडतें. बाकीचें घरांतील वृद्ध स्त्रियांसच विचारलें पाहिजे, आणि तेंही आज.

म्हणून माझें सांगणें दोन्हीं बाजूंस आहे. परदेशस्थ मुलांनीं संगणक, ग्रंथालयें व यादींतून होणारा शोध आपल्याकडे घ्यावा आणि येथील ग्रंथालयास लिहितांना पत्राचें नांव, साल व महिना नेमका द्यावा. 'आमच्या घराण्याची माहिती पाठवा' अशा पत्रास कोणीही उत्तर देऊं शकत नाहीं. सांपडलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कागदानें किंवा दुसऱ्या माणसाच्या आठवणीनें पडताळून मगच वंशावळींत घ्यावी. घरच्या वडिलांनीं पेटी उघडावी. मुंतखब, वांटणीपत्र, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका, यांच्या दोन्हीं बाजूंचीं छायाचित्रें काढून पाठवावींत. कागदाच्या पाठीवरच पुष्कळदां तारीख असते. मोडी वाचतां येत नसेल तर वाचणारा गांठावा. पुण्यास १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ अशा जिज्ञासूंस परकें नाहीं. निजामकाळचे महसुली कागद पाहावयाचे तर हैदराबादच्या अभिलेखागारांत जावें लागेल आणि बरोबर उर्दू जाणणारा लागेल.

येत्या पितृपक्षांत भटजी येण्यापूर्वीं एक वही आणावी. श्राद्धाचीं नांवें तींत उतरवावींत आणि प्रत्येक नांवापुढें गांव, व्यवसाय, मृत्यूचें साल व स्त्रियांचें माहेरचें नांव लिहावें. जें ठाऊक नसेल तेथें जागा कोरी सोडून त्या पानाची प्रत समुद्रापलीकडे धाडावी. कोऱ्या जागा कोठें आहेत हें कळलें कीं शोधणारास कामाचा आरंभ करतां येतो.