केचप : दुकानातले आणि घरातले

घरी केलेल्या केचपवर मुलांचा शेरा ठरलेला असतो, “छान आहे, पण दुकानातल्यासारखं नाही लागत!” दीड-दोन तास शेगडीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, ते काय सांगावे! मग बाटलीवाल्यांकडे एखादा गुप्त मसाला असावा, अशी समजूत होते. माझ्या मते तसे काही नाही.

मी पडलो भाषेचा मास्तर. शब्दापासून सुरुवात करतो. ‘केचप’ हा शब्द मूळचा दक्षिण चीनकडच्या होक्कियन बोलीतला मानतात. तिकडे त्याचा अर्थ माशांचा खारवलेला रस! टोमॅटो त्यात फार उशिरा आला. अमेरिकेत जेम्स मीझ यांनी टोमॅटो-केचपची कृती छापली ती १८१२ साली. पुढे कारखान्यांतले केचप नासू नये म्हणून त्यात सोडियम बेंझोएट घालू लागले. हार्वे वायली या सरकारी रसायनतज्ज्ञाने त्याविरुद्ध रान उठवले. तेव्हा हाइन्झ कंपनीने ते वगळले आणि पिकलेले टोमॅटो, भरपूर साखर व व्हिनेगर यांवर केचप टिकवून दाखवले. ‘दुकानातली चव’ म्हणतात ती हीच. मुरांबा साखरेवर टिकतो, लोणचे मिठावर. त्यातलीच ही विद्या.

म्हणूनच साखर-व्हिनेगरला हात आखडला की केचपचे टोमॅटोचे सार होते. आमच्या घरचे प्रमाण असे : दोन किलो लालबुंद टोमॅटो, एक कांदा व चार लसूणपाकळ्या शिजवून पुरणयंत्रातून काढावे आणि बारीक चाळणीने गाळावे. चार लवंगा, आठ मिरे व दालचिनीचा तुकडा यांची पुरचुंडी रसात सोडावी. दीडशे ग्रॅम साखरेपैकी एक तृतीयांश आधी घालावी, उरलेली रस आटत आल्यावर. रस तिसऱ्या हिश्शावर आला की पुरचुंडी पिळून काढावी. दोन चमचे मीठ, चमचाभर रंगाचे तिखट आणि शंभर मिलिलिटर व्हिनेगर घालून पुन्हा दाट करावे. थेंब बशीत टाकला असता भोवती पाणी सुटले नाही, की झाले. पातेले स्टीलचेच घ्यावे. पितळेत आंबट कळकते. गरम असतानाच उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत भरावे, निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार आठवड्यांत संपवावे.

आता जरा हिशेब करू. हे केचप भरते सुमारे सहाशे ग्रॅम. म्हणजे त्यात जवळजवळ पाव हिस्सा साखर! विकतच्या बाटलीवर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. तीत साखर कितव्या स्थानी आहे, ते मुलांनाच वाचायला सांगा. घरचे केचप साखरेतून सुटत नाही, पण ती साखर मुलांच्या देखत पातेल्यात पडते. आमच्याकडे ती मुलेच मोजून घालतात आणि तेव्हापासून थालीपिठाशेजारी चमचाभर केचप पुरते.