कावेरीकाठचा मठ : स्वामी अभिषिक्तानंद



उजनी धरणाकाठच्या गावांत कॅथलिक कुटुंबे मोजकीच आहेत. एवढ्याशा कळपाने काय साध्य होणार, असा प्रश्न आपल्या मनात येतो. त्याचे उत्तर आम्हांला कावेरीकाठी सापडते.

आन्री ल सो यांचा जन्म फ्रान्समध्ये १९१० साली झाला. १९२९ साली ते बेनेडिक्टाईन मठात दाखल झाले. प्रार्थना, वाचन, श्रम आणि एकाच मठात आजन्म निष्ठेने राहणे, हा संत बेनेडिक्टचा नियम. भारतात असाच मठ व्हावा, या ओढीने ते १९४८ साली तामिळनाडूतील कुळित्तलै येथे आले. तेथे फादर झ्यूल मोंशानें हे फ्रेंच धर्मगुरू गोरगरीब तमिळ भाविकांची सेवा करीत होते.

२१ मार्च १९५० रोजी, संत बेनेडिक्टच्या सणादिवशी, दोघांनी 'शांतिवनम्' आश्रम स्थापिला. भगवी वस्त्रे, शाकाहार व झोपडीतील वास त्यांनी स्वीकारला. ल सो यांनी 'अभिषिक्तानंद' हे नाव धारण केले.

परंतु अपेक्षित शिष्य मिळाले नाहीत. १९५७ साली फादर मोंशानें निवर्तले. १९६८ साली स्वामीजींनी आश्रम फादर बीड ग्रिफिथ्स यांच्या हाती सोपविला आणि ते हिमालयात गेले. १९७३ साली इंदूर येथे ते प्रभुचरणी विलीन झाले.

आश्रम मात्र आजही उभा आहे. पेरणाऱ्याला पीक दिसले नाही, म्हणून पेरणी वाया गेली नाही. आपल्या गावातील एका घरात चाललेली रोजची प्रार्थना हीदेखील पेरणीच होय.