कॅमेऱ्याची मातृभाषा

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास कोलमडल्या. संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला होता आणि तो करणाऱ्यांत घराघरांतले सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर, राउटर होते. ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने ते ताब्यात घेतले होते.

मिराईपुढे एक अडचण होती. प्रत्येक प्रोसेसरला आपल्याच आज्ञा कळतात; इंटेलसाठी तयार केलेला प्रोग्राम एआरएमवर तसाच चालत नाही. म्हणून त्याच्या कर्त्यांनी एआरएम, मिप्स, इंटेल अशा निरनिराळ्या प्रोसेसरसाठी आवृत्त्या बनवून ठेवल्या. पण समोरच्या कॅमेऱ्यात कोणता प्रोसेसर आहे, हे कसे कळणार? युक्ती साधी होती. कॅमेऱ्यात आधीपासूनच असलेला ‘इको’ हा छोटासा प्रोग्राम वाचायचा. तो तिथे चालतो, म्हणजे तो तिथल्याच प्रोसेसरसाठी बनलेला असणार!

लिनक्सवरील अशा फाइलची सुरुवात ठरलेली असते. पहिले चार बाइट म्हणजे ओळखखूण. पाचवा बाइट ३२ बिट की ६४ बिट ते सांगतो, तर एकोणिसाव्या-विसाव्या बाइटमध्ये प्रोसेसरचा क्रमांक असतो : ३ म्हणजे इंटेलचा जुना ३२ बिट, ८ म्हणजे मिप्स, ४० म्हणजे एआरएम. आजच्या बहुतेक मोबाइलमधील ६४ बिट एआरएमचा क्रमांक १८३.

चोराने वापरलेली ही खूण पोलिसांच्याही कामाची. सापडलेला घातक प्रोग्राम तपासताना संशोधक आधी हाच क्रमांक पाहतात. प्रोसेसर चुकीचा धरला, तर त्याच बाइटमधून भलत्याच आज्ञा निघतात आणि काही वेळा त्या खऱ्याही वाटतात. मग दिवस वाया.

खरी कसोटी पुढे आहे. उपकरणाच्या चिपमधून थेट उतरवलेल्या मजकुरावर अनेकदा अशी नोंदच नसते. तेव्हा आज्ञांचा ठेका शोधावा लागतो. ३२ बिट एआरएमची नेहमीची आज्ञा चार बाइटची असते आणि ‘बिनशर्त पाळा’ असे सांगणारा ‘ई’ हा संकेत बहुतेक आज्ञांत असतो. त्यामुळे सोळा-अंकी पद्धतीने मजकूर छापला, की दर चौथ्या बाइटला ‘ई’ डोकावतो. इंटेलच्या आज्ञा एक ते पंधरा बाइटच्या, त्यामुळे तिथे असा ठेका नाही.

मजकूर कूटबद्ध असेल, तर हाही उपाय चालत नाही. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॅमेरा उघडायचा आणि चिपवर छापलेला क्रमांक भिंगातून वाचायचा.