लाल जर्सीवरचा पांढरा सात

माझा भाचा गोविंदा पथकात आहे. दहीहंडीच्या चार दिवस आधी पथकाच्या जर्सी छापून आल्या. लालभडक ड्रायफिट कापड, पाठीवर पांढरेशुभ्र आकडे. त्यानं आपली सात नंबरची जर्सी कौतुकानं हँगरला लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती काढली, तर सात गुलाबी झालेला. डाग नाही, ओघळ नाही. अख्खा आकडा या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा फिकट गुलाबी. जर्सीला पाण्याचा थेंबही लागला नव्हता.

"आत्या, रंग चढला कुठून?"

या एका प्रश्नापायी मी आमच्या गल्लीतल्या टी-शर्ट छापणाऱ्या दुकानात सलग तीन दुपारी जाऊन बसले. जर्सी दुसरीकडे छापलेल्या होत्या, पण इथल्या दादांनी सात नुसता पाहिला आणि म्हणाले, "कपड्यानं रंग सोडलाय. सेटिंग चुकलं."

सेटिंग म्हणजे हीट प्रेस मशीनवरचे तीन आकडे: तापमान, वेळ आणि दाब. मशीन दिसायला अगदी साधं. खाली गुलाबी सिलिकॉनच्या गादीचा पाट, वर ॲल्युमिनियमचा जाड तवा, आणि तवा खाली आणणारा लांब दांडा. पडद्यावर १५० आणि १५ झळकत होते, म्हणजे दीडशे अंश सेल्सिअस आणि पंधरा सेकंद. दाब पडद्यावर दिसतच नाही. तो तव्याच्या डोक्यावरच्या चाकानं कमीजास्त करायचा आणि दांडा ओढताना हाताला जाणवेल तो खरा.

आधी व्हिनाइल, म्हणजे ज्यातून आकडे कापून कापडावर चिकटवतात ते, जवळून पाहू. रोलमधून कापलेला तुकडा एकच कागद वाटतो, पण त्यात तीन थर असतात. वर पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म, जी शेवटी सोलून टाकायची. मध्ये पॉलियुरेथेनचा रंगीत पापुद्रा, साधारण माणसाच्या केसाइतक्या जाडीचा. आणि खाली गोंद. या गोंदावर बोट फिरवलं तर तो अजिबात चिकट लागत नाही. कोरडा, गुळगुळीत, जणू झोपलेला. कापणाऱ्या मशीनचं, म्हणजे प्लॉटरचं पातं अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी कापतं, आणि अशा बेतानं कापतं की रंगीत थर तुटतो पण वरची फिल्म शाबूत राहते. मग आकडीनं नको असलेला भाग सोलून काढायचा. त्याला दुकानात वीडिंग म्हणतात.

देवनागरीचं वीडिंग हे खरं कसब आहे. कॉम्प्युटरवर अक्षरं आधी जोडून घेतली नाहीत, तर शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे पातं प्रत्येक अक्षर वेगळं कापतं आणि 'गोविंदा'चे तीन तुकडे होतात. अनुस्वार तर सोलताना फालतू भागाबरोबर हटकून निघून येतो. दादांच्या हाताखालची मुलगी डाव्या हाताच्या नखानं तो इवलासा ठिपका दाबून धरत होती आणि उजव्या हातानं भोवतालचं सोलत होती. दोनशे जर्सी, दोनशे अनुस्वार.

आता तव्याखाली काय होतं ते पाहू. शंभर अंशांच्या पुढे तो झोपलेला गोंद मऊ पडायला लागतो, आणि दीडशेच्या आसपास कोमट मधासारखा वाहता होतो. दाबामुळे तो धाग्याधाग्यांमधल्या फटींत उतरतो, तंतूंना वेढा घालतो आणि गार झाला की तिथेच घट्ट होतो. पकड आहे ती मुख्यतः अशी, दगडाच्या फटीत मुळं शिरतात तशी. पंधरा सेकंदांत मुळं धरतात! हे कळल्यापासून मला रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक टी-शर्टच्या छातीकडे वेगळ्याच नजरेनं पाहायची सवय लागली आहे.

पण पंधराच सेकंद का? मी ठोकताळ्यानं हिशेब करून पाहिला. वरची फिल्म आणि रंगीत थर मिळून मिलिमीटरचा पाचवा हिस्सासुद्धा भरत नाहीत. एवढ्या प्लास्टिकमधून उष्णता पार व्हायला अर्धा सेकंदही पुरतो. मग उरलेले साडेचौदा कशासाठी? कापडासाठी. गोंद वितळला, पण खालचं कापड गार असेल तर त्याला टेकताक्षणी तो गोठतो आणि आत उतरतच नाही. मिलिमीटरभर जाडीच्या कापडात ऊब तळापर्यंत पोचायला दहाएक सेकंद लागतात. यात एक विलक्षण नियम आहे: जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. म्हणूनच टी-शर्टचं सेटिंग जाड हुडीवर तसंच चालवलं की दुसऱ्या धुण्यात कोपरे उचलतात, आणि लोक दोष देतात व्हिनाइलला.

दाबाचं गणित याहून चकित करणारं आहे. अनेक रोलांच्या माहितीपत्रकावर मध्यम दाब म्हणून ४० पीएसआय छापलेलं असतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेतीन किलोच्या थोडं वर. घरची इस्त्री घ्या. तिचा तळ धरा पावणेदोनशे चौरस सेंटिमीटर. तुम्ही त्यावर अंग टाकून पंधरा किलो भार दिलात, तरी चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅमसुद्धा येत नाही. तीसपट फरक! इस्त्रीवरच्या दोन ठिपक्यांचा अर्थ दीडशे अंशच असतो, म्हणजे तापमानात ती मुळीच कमी नाही. कमी पडतो तो दाब. शिवाय इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात, तिथे तर काहीच टेकत नाही. छोटं नाव इस्त्रीनं चिकटेलही, पण पाठभर आकड्याला प्रेसच हवं. आणि प्रेसमध्येसुद्धा शिवण, बटण किंवा कॉलर तव्याखाली आली की तवा तिच्यावरच टेकून राहतो आणि बाकीचा भाग उपाशी राहतो. दादा त्यासाठी शिवण पाटाच्या कडेबाहेर सोडतात, नाहीतर आत उशी भरून आकड्याचा भाग उंच करतात.

श्रावणात आणखी एक पाहुणा असतो: ओल. सुती टी-शर्ट हाताला कोरडा लागला तरी त्याच्या वजनात सात-आठ टक्के पाणी असतं, आणि पावसाळी हवेत त्याहून जास्त. मशीनचा तवा आहे ३८ सेंटिमीटर लांब-रुंद. त्याखाली १८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅमच्या कापडाचे पुढचा-मागचा असे दोन पदर घातले, की सुमारे ५२ ग्रॅम कापड येतं आणि त्यात चार ग्रॅम पाणी. चार ग्रॅम म्हणजे जेमतेम चमचाभर. पण या चमच्याची वाफ झाली तर ती जवळपास सात लिटर होते, पाच लिटरच्या कुकरमध्येही न मावणारी. ती निघायला वाट शोधते, आणि वर व्हिनाइलचा थर असेल तर नेमकी गोंदाखालून फुगे काढते. शिवाय पाण्याची वाफ होताना ते बरीच उष्णता गिळतं, म्हणजे गोंदाच्या वाट्याची ऊब चोरीला जाते. म्हणून व्हिनाइल ठेवायच्या आधी नुसतं कापड चार-पाच सेकंद दाबून घ्यायचं. दादांनी तसं केलं तेव्हा तव्याच्या कडेनं वाफेची बारीक रेघ निघालेली मी डोळ्यांनी पाहिली. "पावसाळ्यात दोनदा," ते म्हणाले.

भाच्याची ड्रायफिट जर्सी मात्र पॉलिएस्टरची. पॉलिएस्टरमध्ये ओल जवळजवळ नसतेच, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. त्याचं दुखणं निराळं, आणि तेच भाच्याच्या सातचं.

सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग दिलेला असेल तर तो तंतूशी रासायनिक बंधानं जोडलेला असतो. हे रंग १९५६ साली बाजारात आले. कापूस तापवा, उकळा, रंग जागा सोडायला तयार नसतो. पॉलिएस्टरचा रंग असा बांधलेला नाही. त्याला डिस्पर्स रंग म्हणतात. त्याचे रेणू लहान, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. बंद भांड्यात, दाबाखाली, साधारण १३० अंशांना पॉलिएस्टरचे तंतू आतून सैल होतात, हे रेणू आत शिरतात, आणि कापड गार झालं की आत कोंडले जातात. बांधलेले नाहीत, नुसते कोंडलेले!

आणि आपण काय करतो? तेच कापड पुन्हा दीडशेला नेतो. तंतू परत सैल होतात. दार उघडलं की लाल रेणू बाहेर पडू लागतात, काही तर थेट वायुरूप होऊन. समोर असतं पांढरं पॉलियुरेथेन, या रंगांना सहज सामावून घेणारं. प्रेसमध्ये पंधरा सेकंदांत फारसं काही दिसत नाही. पण गोंदात आणि पापुद्र्यात शिरलेला रंग नंतरही हळूहळू वर सरकत राहतो, तासन् तास, कधी दिवस. म्हणून दुकानात पांढरा दिसलेला सात घरी गुलाबी झाला. तो वरून रंगला नाही, आतून पाझरला.

गंमत अशी, की याच स्वभावावर छपाईचा एक अख्खा धंदा उभा आहे. सब्लिमेशन छपाईत कागदावरचे असेच रंग २०० अंशांच्या आसपास वायुरूप करून पॉलिएस्टरमध्ये मुद्दाम घुसवतात. जे त्या दुकानाचं कौशल्य, तोच या दुकानाचा घात.

मशीनपाशी बसून मला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती मनातून जाईना. पॉलियुरेथेन १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी बनवलं. तव्याला व्हिनाइल चिकटू नये म्हणून जे टेफ्लॉनचं कापड ठेवतात, ते टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना सापडलं. आणि पॉलिएस्टरचा तंतू १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी काढला, मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करताना. कॅलिको हे नावही आपल्या कालिकतवरून पडलेलं. पाच वर्षांच्या आत, तीन देशांत जन्मलेले हे तीन पदार्थ गल्लीतल्या या तव्याखाली एकावर एक येतात आणि त्यांचं आपसात जमवायचं काम एक दादा आणि एक मुलगी करतात.

तर सेटिंग निवडायचं म्हणजे एक फट शोधायची. खालची हद्द गोंद ठरवतो: इतकं तापलं नाही तर मी वाहणार नाही. वरची हद्द कापड ठरवतं. कापूस वितळत नाही, पण जास्त वेळ दाबला तर पिवळा पडतो. पॉलिएस्टर वितळायला अडीचशेच्या पुढे जावं लागतं, पण त्याच्या कितीतरी आधी तंतू चपटे होऊन काळ्या टी-शर्टवर तव्याचा चकचकीत चौकोन उठतो. साड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या असतात पॉलिप्रॉपिलीनच्या. त्या १६०-१६५ला सरळ वितळतात, तेव्हा दीडशेचा नेहमीचा आकडा त्यांच्यासाठी कड्याच्या टोकावर उभं राहण्यासारखा आहे. दादांचं म्हणणं मला फार पटलं: "रोलवर सेटिंग छापलेलं असतं. पण रोलला काय माहीत, तुम्ही कुठला कपडा आणलाय?"

पडद्यावरच्या आकड्यावरही ते डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. आत तापमान मोजणारा सेन्सर एकाच जागी असतो, त्यामुळे कोपरे त्याहून गार असू शकतात. आणि मशीन चुकून फॅरेनहाइटवर गेलं असेल तर १५० म्हणजे फक्त ६५ अंश सेल्सिअस. गोंदाची झोपही मोडणार नाही.

सातसाठी त्यांनी आधी चाचणी घेतली. पथकाची एक जादाची जर्सी होती. तिच्या आतल्या बाजूला त्यांनी नखाएवढे दोन चौकोन लावले: एक साधं पांढरं, १५०ला. दुसरं खास जर्सीसाठीचं, ज्याच्या पांढऱ्या थराखाली रंग अडवणारा राखाडी थर असतो, १३०ला. जर्सी रात्रभर खिळ्याला टांगून ठेवली.

सकाळी मी गेले तेव्हा पहिल्या चौकोनाला लाली चढली होती. दुसरा जसाच्या तसा पांढरा. मग त्या मुलीनं नवा सात कापला, जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठा, म्हणजे गुलाबी कड झाकली जाईल. दांडा खाली आला. आकडे उलटे मोजले गेले. तवा उचलल्यावर मी फिल्मला हात घालायला गेले, तर ती म्हणाली, "थांबा ताई, हे गार झाल्यावर सोलायचं." गोंद अजून वाहता होता. गरम असताना ओढलं असतं तर सात फिल्मबरोबर वर आला असता.

मिनिटभरानं तिनं एक कोपरा पकडून फिल्म अगदी जमिनीला समांतर, सावकाश मागे नेली आणि जर्सी खिडकीशी धरून तिरकी केली. पांढऱ्या सातवर ड्रायफिटची बारीक जाळी उमटलेली दिसत होती, प्रत्येक भोक जागच्या जागी. "जाळी दिसली म्हणजे बसला," ती म्हणाली, आणि पुढचा नंबर हातात घेतला.