बटण दाबा, मग बोला!

मैत्रिणींनो, गणपतीच्या मिरवणुकीत बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या खांद्याजवळ एक काळा डबा अडकवलेला तुम्ही पाहिला असेल. मध्येच तो खरखरतो, ‘चौकात दोन माणसं पाठवा’ असं काहीसं ऐकू येतं, पोलीसदादा बटण दाबून चार शब्द बोलतात आणि संपलं! ना नंबर लावणं, ना रिंग, ना ‘हॅलो, आवाज येतोय का, जेवणं झाली का’. हा वॉकीटॉकी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हातात आणि पाठीवर आलेलं हे यंत्र आता आपल्या पर्समधल्या मोबाइलमध्येही येऊन बसलंय. त्याला म्हणतात ‘पुश टू टॉक’, म्हणजे बटण दाबा आणि बोला.

हातात फोन असताना हे नवीन खूळ कशाला, असं आमच्या बचत गटातल्या निम्म्या जणींचं म्हणणं होतं. पण नवरात्रात देवीच्या यात्रेत गटाने जेवणाचे तीन स्टॉल लावले आणि स्वयंपाक मात्र एकाच भटारखान्यात, तेव्हा फोनची मर्यादा कळली. स्टॉलवरचा भात संपत आलाय हे कळवायचं, तर भटारखान्यातल्या मावशींचे दोन्ही हात पिठात. फोन वाजून वाजून बंद. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवावं, तर त्या सवडीने ऐकणार. तोवर रांगेतली माणसं शेजारच्या वडापाववाल्याकडे! शेवटी एकीच्या कॉलेजातल्या भाच्याने सगळ्यांच्या फोनमध्ये ‘झेलो’ नावाचं ॲप टाकून दिलं. अशी ॲप बरीच आहेत, हे वैयक्तिक वापराला फुकट मिळतं म्हणून आम्ही घेतलं. फोन ओट्यावर ठेवायचा, समोरची बोलली की तिचा आवाज आपोआप मोठ्याने ऐकू येतो. उचलायला नको, पुसायला नको.

हे चालतं कसं, ते मी भाच्याकडून नीट समजून घेतलं. आपल्या नेहमीच्या फोनवर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात. भांडताना आपण तेच तर करतो! इथे मात्र एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आपण बटण दाबलं की आपला फोन कंपनीच्या मुख्य संगणकाला विचारतो, ‘मी बोलू का?’ दुसरं कुणी बोलत नसेल तर संगणक होकार देतो, बारीकशी ‘टिंग’ वाजते आणि मग आपला आवाज निघतो. एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वी स्टेशन मास्तर ड्रायव्हरच्या हातात वेताच्या कड्यात अडकवलेला टोकनचा गोळा देत. तो गोळा मिळाल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनकडे सुटत नसे. बोलण्याची परवानगी हा तसाच गोळा. तो एका वेळी एकीकडेच. तिने बटण सोडलं की गोळा मोकळा.

गोळा मिळाला की आपल्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे होऊन ते इंटरनेटवरून त्या मुख्य संगणकाकडे जातात. तो त्यांच्या प्रती काढून गटातल्या प्रत्येकीच्या फोनकडे पाठवतो. म्हणजे आमचा स्टॉल आणि भटारखाना यांत अंतर हाकेचं, पण आवाज मात्र टॉवरवर चढून, कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या संगणकाला भेटून परत येणार. आणि हे सगळं साधारण सेकंदभरात! डेटाही फार जात नाही, कारण जेवढा वेळ कुणी बोलतं तेवढ्यापुरताच तो लागतो. ज्या मालिका आपण मोबाइलवर बघतो त्यापुढे हे किरकोळ.

महिला मंडळाच्या सभेत सगळ्या एकदम बोलतात आणि इतिवृत्तात काय लिहावं ते चिटणीसबाईंना कळत नाही. त्यांना हा गोळा दाखवला पाहिजे.

बोलायचीही एक रीत आहे. ‘टिंग’ वाजायच्या आधी तोंड उघडलं तर पहिला शब्द गेला. शेवटी बटण लवकर सोडलं तर शेवटचा. आता गंमत बघा. इंग्रजीत ‘नो’ वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन जातो. आपल्या मराठीत हो की नाही ते ठरतं अगदी शेवटच्या शब्दावर. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी एका स्टॉलवरून निरोप आला, ‘इकडे भात नको’. पण बोलणारीने ‘नको’ म्हणता म्हणताच अंगठा उचलला होता. भटारखान्यात ऐकू आलं, ‘इकडे भात’. पाच मिनिटांत दोन पातेली हजर! तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. नकार असेल तर तो आधी सांगायचा, ‘नको, भात नको’. आणि ऐकणारीने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं.

ही कल्पना फोनवर आली ती अमेरिकेत. नेक्स्टेल नावाच्या कंपनीने मोटोरोलाचं तंत्र वापरून १९९० च्या दशकात फोन आणि वॉकीटॉकी एकाच यंत्रात दिले. बांधकामावरचे मुकादम, नळदुरुस्तीवाले, माल पोचवणारे यांच्यात ते भलतेच लोकप्रिय झाले. २००५ मध्ये स्प्रिंट या कंपनीत नेक्स्टेल विलीन झाली आणि ३० जून २०१३ ला ते जुनं जाळं कायमचं बंद झालं. आपल्याकडे त्या सुमारास टाटा इंडिकॉमचा ‘वॉकी’ घराघरात होता, आठवतोय? नाव तसं असलं तरी तो बिनतारी पण साधाच फोन होता, बरं का. पुढे स्मार्टफोन आले, इंटरनेट स्वस्त झालं आणि वेगळ्या यंत्राची गरजच उरली नाही. एक ॲप पुरे झालं.

इथवर सगळं छान. पण परवा आमच्या नदीकाठच्या भागात पुराच्या पूर्वतयारीची बैठक झाली. त्यात एक उत्साही तरुण म्हणाला, ‘काकू, आता चिंताच नाही. सगळ्यांनी ॲप घ्या. वॉकीटॉकीच आहे, पुरात टॉवर गेले तरी चालेल.’ बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मला मात्र राहवेना.

कारण नेमकं तेच खरं नाही. पोलिसांच्या हातातला तो संच स्वतःच रेडिओ लहरी सोडतो आणि समोरचा संच त्या थेट पकडतो. मध्ये मोबाइल कंपनी नाही. आपल्या फोनमधल्या ॲपला मात्र टॉवर नाही तर घरचं वायफाय, काही तरी लागतंच. नाव वॉकीटॉकी, दिसायला वॉकीटॉकी, पण रस्ता मोबाइलचा! (नेक्स्टेलच्या काही मॉडेलांत टॉवरशिवाय थेट बोलायची सोय होती, पण ती त्या यंत्रातच वेगळी बसवलेली होती. ब्लूटूथवर चालणारी काही ॲपही आहेत, त्यांचा आवाका मात्र या घरातून त्या घरापुरता.)

अमेरिकेत हा गोंधळ मोठ्या प्रमाणावर झाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन शहर बुडालं, तेव्हा स्वतःच्या होड्या घेऊन आलेल्या स्वयंसेवकांनी याच झेलो ॲपवरून शेकडो माणसांच्या सुटकेची जुळवाजुळव केली. कोण कुठल्या छपरावर अडकलंय, कुठली होडी जवळ आहे, हे सांगणारे कित्येक जण तर घरी बसून काम करत होते. मला हे फार भावलं. पाण्यात उतरता येत नसलं तरी कामाला येता येतं! पण हे जमलं, कारण तिथले बहुतेक टॉवर चालू राहिले. पुढच्याच महिन्यात फ्लोरिडावर इर्मा वादळ यायचं होतं. लाखो लोकांनी घाईघाईने ते ॲप उतरवून घेतलं आणि ‘नेटवर्कशिवायही चालतं’ अशी अफवा पसरली. शेवटी खुद्द कंपनीला सांगावं लागलं, की बाबांनो, इंटरनेटशिवाय हे चालत नाही.

आपल्याला ह्यूस्टनला जायला नको. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांनी भोगलाय. आधी वीज गेली. टॉवर काही काळ बॅटरीवर आणि जनरेटरवर तग धरतात, पण डिझेल पोचवायला रस्ताच नसेल तर तेही गप्प होतात. शिवाय फोन चार्ज कुठे करणार? अशा वेळी ज्या घरात आजारी सासूबाई आहेत, बाळंतीण आहे, त्या घराने ‘ॲप आहे ना’ म्हणून वेळेवर बाहेर पडणं लांबवलं तर? बैठकीत मी एवढंच विचारलं. तो तरुणही समजूतदार, लगेच म्हणाला, ‘खरंय काकू, मग टॉवर चालू आहे तोवरच निरोप संपवायचे.’ अगदी बरोबर. पाणी वाढायला लागल्यावर पहिल्या काही तासांत, सगळ्यांना एकदम सांगायला, हे बटण उत्तम. त्यासाठी साधी सोयही आहे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एकाने ठरलेल्या टोल फ्री नंबरवर फोन करून बोललं की त्याचाच आवाज नोंदवलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर जातो. चोर आले, बिबट्या आला, की एक फोन पुरे. त्याला स्मार्टफोन लागत नाही, हे आपल्या आज्यांसाठी केवढं सोयीचं!

आणखी एक गोष्ट, जी पुरुषमंडळी फारशी बोलत नाहीत. साधा फोन आला तर तो न उचलायची मुभा आपल्याला असते. या ॲपमध्ये आवाज न विचारता घरात शिरतो. घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारी एक ताई माझ्याकडे आली होती. तिच्या एजन्सीने सगळ्यांना असं ॲप चालू ठेवायला लावलं होतं. रुग्णाचे कपडे बदलताना, कधी तिच्या स्वतःच्या घरी रात्री जेवताना, पिशवीतून साहेबांचा आवाज, ‘कुठे पोचलात?’ सासरची माणसं दचकायची. तिला आम्ही दाखवलं, की झेलोसारख्या ॲपमध्ये ‘व्यस्त’ अशी खूण ठेवता येते. मग निरोप साठून राहतात, आवाज फुटत नाही. कामाच्या वेळा ठरवून घ्या आणि त्या संपल्या की ती खूण लावा, हे साहेबांनाही सांगायला लावलं. तसंच, काही चॅनेल सगळ्यांना खुली असतात, कोणीही येऊन ऐकू शकतो. आपल्या गटाचं चॅनेल पासवर्डचंच हवं. मोठ्या कंपन्याही यात अडखळल्या आहेत. ॲपलने २०१८ मध्ये मनगटी घड्याळात वॉकीटॉकी दिली आणि जुलै २०१९ मध्ये ती काही दिवस बंद ठेवली. तिच्यातल्या दोषामुळे दुसऱ्याच्या आयफोनवरचं बोलणं त्याला न विचारता ऐकता येण्याची शक्यता होती.

मग पुरासाठी खरेच वॉकीटॉकी घ्यावेत का? घेता येतात. २०१८ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच वापरायला परवाना लागत नाही, मात्र तो संच सरकारने मान्य केलेल्या प्रकारचा हवा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे सगळेच तसे नसतात. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा बेकायदा विक्रीबद्दल ऑनलाइन दुकानांना नोटिसा दिल्या आणि नियमावलीही काढली. तेव्हा खोक्यावर पट्टा कुठला लिहिलाय ते आधी बघायचं, लांब पल्ल्याच्या जाहिरातीला भुलायचं नाही. घरांच्या दाटीत हे संच एखाद-दोन किलोमीटरच्या पुढे सहसा पोचत नाहीत. आमच्या पेठेपासून उंचावरच्या शाळेपर्यंतचं अंतर तेवढंच आहे, म्हणून गटाने शिलकीतून दोन संच घ्यायचं ठरवलंय. एक शाळेत, एक पेठेत. ते दर महिन्याला चार्ज करायचे कुणी, यावर मात्र मागच्या दोन्ही सभांत एकमत झालेलं नाही.