शाल-श्रीफळानंतरची चढाई

राज्य सरकारच्या नोकरीत ५८ वर्षं भरली की शाल, श्रीफळ, सहकाऱ्यांची दोन भाषणं आणि घर. क्रीडा प्रशिक्षक झाला म्हणून काय झालं, त्याचीही शिट्टी खणात जाते. अमेरिकन फुटबॉलमधले अँडी रीड ५८ वर्षांचे झाले ते २०१६ साली. तोवर मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर एकही सुपर बोल, म्हणजे तिथलं विजेतेपद, नव्हतं. उलट १४ वर्षं सांभाळलेल्या फिलाडेल्फिया ईगल्सने २०१२चा हंगाम संपताच त्यांना नारळ दिला होता. (नारळ आपल्याकडे दोन्ही अर्थांनी देतात, हे किती सोयीचं!) आठवडा उलटायच्या आत कॅन्सस सिटी चीफ्सने त्यांना उचललं, आणि पुढे २०२०, २०२३ व २०२४ अशी तीन विजेतेपदं त्यांनी चीफ्सला मिळवून दिली.

रीड यांची ही गोष्ट वाचताना मला आठवतात त्या नाशिकच्या शैलजा जैन. कबड्डीच्या सरकारी प्रशिक्षक म्हणून उभी हयात मुली घडवण्यात गेली. भारतीय संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मात्र वाट्याला आलं नाही. २०१४ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि नंतर इराणचं बोलावणं आलं. भाषा परकी, मुली हिजाब घालून खेळणाऱ्या, आणि खेळ आपल्या मातीतला. बाईंनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि सरावात योगासनं व प्राणायाम आणला. परदेशी माणसाला ही भारतीय हौस वाटेल, पण कबड्डी हा मुळात दमाचा खेळ आहे. चढाई करणाऱ्याने एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ घुमवत ठेवायचं. दम तुटला की बाद. तेव्हा प्राणायाम म्हणजे इथे पाट्या-वरवंट्याइतकी रोजच्या कामाची गोष्ट.

इराणच्या मुलींना आशियाई स्पर्धेत २०१० मध्ये कांस्य मिळालं होतं, २०१४ मध्ये रौप्य. दोन्ही वेळा सोनं भारताचं. २४ ऑगस्ट २०१८, जकार्ता. आदल्याच दिवशी आपले पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ने हरले होते. १९९०पासून एकदाही न सुटलेलं सोनं हातचं गेलं होतं. मुलींच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला भारत पुढे होता. शेवटी फलक थांबला तो इराण २७, भारत २४ वर. मला सोन्याशिवाय भारतात परत पाठवू नका, असं बाईंनी मुलींना बजावून ठेवलं होतं.

त्यावर आपल्याकडे हळहळ झाली, थोडी कुजबुजही. घरच्या माणसाने घरच्यांनाच हरवलं, वगैरे. मला ही कुजबुज बिनबुडाची वाटते. अमेरिकेत प्रशिक्षक गाव बदलतो तसा संघ बदलतो, आणि जुन्या संघाला हरवलं तर त्याचं कौतुकच होतं. त्याला कारण आहे. तिथे हा पोटाचा धंदा आहे. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी १९७५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे सामन्यांच्या फिती तपासायच्या कामापासून सुरुवात केली, आठवड्याला २५ डॉलरवर. पुढे क्लीव्हलँडच्या संघाने काढून टाकलं, मग न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे सहा सुपर बोल. आज मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली वीसवर सहायक असतात. पुढची चाल ती खेळवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर सांगितली जाते, आणि चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो.

डोंबिवलीतल्या आमच्या मैदानावर हेल्मेट नाही, रेडिओही नाही. एक सर आहेत. कंपनीतून सुटले की लोकलमधून उतरून तडक मैदानावर, डब्याची पिशवी झाडाला. आधी स्वतः फक्की मारतात: मध्यरेषा, निदानरेषा, बोनसरेषा. मुली तोवर धावून येतात. मग पकड. एका उजव्या कोपरारक्षक मुलीला ते परवा एकच गोष्ट सांगत होते: चढाईवालीच्या डोळ्यांकडे बघू नकोस, घोट्याकडे बघ. पाय मागे वळला की पट काढायचा. ती चारदा चुकली, पाचव्यांदा घोटा बरोबर हाती आला आणि शेजारणीने साखळी धरली. सरांनी ‘हं’ एवढंच म्हटलं आणि पुढच्या जोडीकडे वळले.

या ‘हं’चं मानधन मिळत नाही. मिळू लागलं ते मोजक्यांना, २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून. आता करार आहेत, बदल्या आहेत. प्रशिक्षक बी. सी. रमेश मूळचे कर्नाटकचे. त्यांनी २०१९ मध्ये बेंगॉल वॉरियर्सला जिंकवलं आणि १ मार्च २०२४ला पुणेरी पलटणला, हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ने. कोणी त्यांना फितूर म्हटलं नाही. पण ही लीग पुरुषांची. मुली घडवणाऱ्यांची शिट्टी अजून फावल्या वेळातच वाजते. ठाणे-कल्याण पट्ट्यातली कितीतरी मंडळं अशाच नोकरदार सरांच्या आणि बाईंच्या जिवावर चालली आहेत.

आमचे सर पुढच्या वर्षी ५८चे होतात. मग काय करणार, विचारलं. फक्कीचे हात पँटला पुसत म्हणाले, “मग सकाळचीही बॅच घेता येईल.”