आत्याचा आजार आणि भाचीचा प्रश्न

"घरात कोणाला कॅन्सर झाला होता का?" बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न आम्ही दिवसातून अनेकदा विचारतो. विवाहित स्त्री त्याचे उत्तर बहुतेक वेळा सासरचे देते. "सासूबाईंना तोंडाचा झाला होता, मिशरी लावायच्या त्या." पण सासूबाईंचा आजार सुनेकडे रक्तातून येत नाही. जनुके येतात ती माहेरातून. माहेरचा विषय निघालाच, तर तो आई, मावशी, आजी इथपर्यंत पोहोचतो. वडिलांची बाजू कोरीच राहते.

काही वर्षांपूर्वी एक्केचाळीस वर्षांच्या एक बाई आमच्याकडे आल्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) डाव्या स्तनात गाठ होती. तपासणीत 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारचा कॅन्सर निघाला. म्हणजे त्या गाठीवर संप्रेरकांची किंवा 'हर-टू' या प्रथिनाची नेहमीची औषधे चालत नाहीत. सोबत आलेल्या यजमानांनी सांगितले, "घरात कोणालाच नाही." वय आणि कॅन्सरचा प्रकार पाहून मी पुन्हा विचारले, या वेळी एकेक नाते घेऊन. आत्या किती?

"तीन. मोठी आत्या पोटात पाणी होऊन गेली, सेहेचाळिसाव्या वर्षी. मधलीचं छातीचं ऑपरेशन झालं होतं. पण त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही."

पोटात पाणी झाले, की घरचे लोक यकृताचा आजार समजतात. पण अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही पोटात पाणी होते, आणि कित्येकदा तेच पहिले मोठे लक्षण असते. त्यामुळे मोठ्या आत्याच्या आजाराकडे आता वेगळ्या नजरेने पाहावे लागणार होते. बाईंचे वडील सत्तरीतही ठणठणीत होते. म्हणून दोष त्यांच्याकडून आला असेल, हे कोणाच्या मनातही आले नव्हते. बाईंच्या रक्ताची जनुकीय तपासणी केली, तेव्हा 'बीआरसीए-१' या जनुकात दोष सापडला.

काही घराण्यांत कॅन्सर पुन्हा पुन्हा दिसतो, ही जाण जुनी आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या माहेरचा चार पिढ्यांचा इतिहास मांडला. त्यात स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या अनेक स्त्रिया होत्या. कारण मात्र कळत नव्हते. १९९० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवून दिले, की अशा काही कुटुंबांतला दोष सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक, म्हणजे बीआरसीए-१, प्रत्यक्ष हाती लागले आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ सापडले.

ही जनुके आपल्या सर्वांकडे असतात, पुरुषांकडेही. पेशीतील डीएनए तुटला, की तो नीट जोडणे हे त्यांचे काम. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पुणेकरांना समजेल असे सांगायचे, तर दुचाकीला दोन ब्रेक असतात तसे. जन्मतः एक ब्रेक निकामी असला, तरी दुसऱ्यावर गाडी वर्षानुवर्षे चालते. एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडली, की तिथे दुरुस्ती थांबते, चुका साचत जातात आणि त्यातून कॅन्सर उभा राहू शकतो. म्हणजे वारशाने कॅन्सर येत नाही, त्याचा वाढलेला धोका येतो.

हा धोका किती? भारतातील सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे तीस जणींत एक अशी आहे. बीआरसीए-१ किंवा २ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांचा २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के आढळले. अंडाशयाच्या कॅन्सरचे प्रमाण बीआरसीए-१ मध्ये ४४ टक्के, तर बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के होते. हा अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य स्त्रियांचा आहे, त्यामुळे आपल्याकडे आकडे थोडे वेगळे असू शकतात. पण धोका मोठा आहे, याबद्दल वाद नाही.

दोष असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग अपत्य मुलगा असो वा मुलगी. पुरुषाला तो फारसा जाणवत नाही. प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित पुरुषांच्या स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका त्याच्यात वाढतो. पण अनेकदा तो स्वतः निरोगी राहतो आणि दोष लेकीला देतो. म्हणून आत्या महत्त्वाची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्तनाच्या एकूण कॅन्सरपैकी पाच ते दहा टक्केच असे आनुवंशिक असतात. पुण्याची कॅन्सर नोंदणी १९७३ पासून चालू आहे. स्त्रियांमध्ये त्यात आज स्तनाचा कॅन्सर सर्वांत वर आहे, पण त्यातील बहुसंख्य स्त्रियांच्या घरात हा आजार पूर्वी कोणाला झालेला नसतो. उलट, एका घरात वडील आणि दोन मुलगे अशा तिघांना तोंडाचा कॅन्सर झालेला मी पाहिला आहे. तिघेही एकाच चंचीतली तंबाखू खात. तिथे जनुके तपासण्यापेक्षा चंची फेकणे जास्त उपयोगाचे होते.

मग शंका कोणी घ्यावी? स्तनाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल किंवा ट्रिपल निगेटिव्ह असेल; अंडाशयाचा कॅन्सर कोणत्याही वयात झाला असेल; घरातील पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल; किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना असे आजार झाले असतील, तर डॉक्टरांना जरूर विचारा. मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कमी वयात झाला असेल, तर 'लिंच सिंड्रोम' हा दुसरा आनुवंशिक दोष असू शकतो. त्यात ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करून आतड्याचा कॅन्सर टाळता येतो किंवा लवकर पकडता येतो.

तपासणी रक्ताची किंवा लाळेची असते. ती शक्यतो आजारी व्यक्तीची आधी करावी. तिच्यात नेमका दोष सापडला, की नातेवाइकांमध्ये तेवढाच शोधता येतो. ज्यांच्यात तो नाही, त्यांचा धोका साधारण इतरांइतकाच असतो. कधीकधी अहवालात 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असे येते. आपल्या लोकांची जनुकीय माहिती अजून पुरेशी जमलेली नसल्याने आपल्याकडे असे अहवाल जास्त येतात. त्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया ठरवू नये. म्हणूनच तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन हवे. टाटा मेमोरियल केंद्रात यासाठी कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे आणि पुण्यातील मोठ्या रुग्णालयांतही ही सोय होऊ लागली आहे.

आमच्या रुग्णाचे उपचार चालू असताना एके दिवशी त्यांचे वडील भेटायला आले. "डॉक्टर, धाकटीला सांगू नका. तिच्या मुली लग्नाच्या आहेत. लोकांना कळलं तर स्थळं येणार नाहीत." मी त्यांना सांगितले, की अहवाल थोरल्या लेकीचा आहे, तो कोणाला सांगायचा हे तीच ठरवेल. नातींचा अहवाल कधी निघालाच, तर तो त्यांचा खासगी असेल, लग्नाच्या बायोडेटात लिहायचा नसेल. पण धाकटीला आज कळले, तर तिच्या हातात काही उपाय आहेत. पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचे एमआरआय, तिशीनंतर त्यासोबत मॅमोग्राफी. मुले झाल्यावर, पस्तीस ते पंचेचाळीस या वयात अंडाशय आणि अंडनलिका काढल्या, तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. काही स्त्रिया विचारपूर्वक स्तन काढून घेण्याचाही निर्णय घेतात. आणि आजार झालाच, तर या दोषावर नेमके काम करणारी 'ओलापॅरिब'सारखी औषधे आता आहेत.

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या बहिणीही वाचल्या असत्या?" त्या काळी ही तपासणीच नव्हती, हे मी त्यांना सांगितले. पुढच्या आठवड्यात ते धाकट्या लेकीला स्वतः घेऊन आले. तिच्यातही तोच दोष निघाला. अडतिसाव्या वर्षी तिने अंडाशय आणि अंडनलिका काढून घेतल्या. आज ती नियमित तपासणीला येते. तिच्या थोरल्या मुलीने मध्यंतरी विचारले, "माझी तपासणी कधी?" अठरा वर्षांच्या आत ती करत नाहीत. त्यानंतर समुपदेशकाशी बोलून, मनाची तयारी झाली की ती स्वतः ठरवेल.

भाऊबीजेला आत्या घरी येतील. जेवणानंतर जरा निवांत बसा आणि विचारा, कोण कोणत्या वयात गेले आणि कशाने. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या एका कागदावर लिहून काढा. "पोटात पाणी झालं", "गाठ होती", "छातीचं ऑपरेशन झालं" असे जे आठवेल ते तसेच लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल, तेव्हा तो कागद सोबत न्या.